ब्रेक पॅड बदलले, डिस्कचं फेसिंग केलं, तरी थरथर तीच: रोज घाट उतरणाऱ्या एका गाडीचं प्रकरण

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी, मधून हवा खेळणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम ब्रेक. किलोमीटर सत्तर हजारांच्या घरात. मालक वाईला राहतात आणि पाचगणीच्या एका शाळेत शिकवतात, म्हणजे रोज सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. आम्ही त्यांना सरच म्हणतो.

सरांची तक्रार अशी होती. ताशी ७०-८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं आणि पाय काढला की थांबतं. घाट उतरून गाडी उभी केली की पुढच्या डाव्या चाकापाशी जळका वास येतो. आणि एक विचित्र गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली: "गाडी नुसती चालताना डावीकडे ओढते, पण ब्रेक मारला की जरा उजवीकडे जाते. असं कसं होईल?"

या वाक्यात अर्धं निदान होतं. पण त्याआधी गाडीवर काय काय झालं होतं ते सांगतो. सहा-सात महिन्यांपूर्वी हीच थरथर सुरू झाली तेव्हा एका गॅरेजमध्ये पुढचे चारही पॅड बदलले होते आणि दोन्ही डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे पातळ थर छिलून सपाट करून, परत बसवल्या होत्या. दोनेक महिने गाडी छान चालली. मग थरथर हळूहळू परत आली. गाडी ओढते म्हणून व्हील अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंगही झालं. फरक शून्य. शेवटी चाकाच्या फटीतून डोकावून त्यांना सांगण्यात आलं की पॅड अजून साठ-सत्तर टक्के शिल्लक आहेत, डिस्क वाकली आहे, नवीन टाका.

डिस्क बदलायलाच हवी होती, तेवढं खरं निघालं. पण नुसती डिस्क टाकली असती तर तीही पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच झाली असती.

चालवून बघितलं तेव्हा

ब्रेकचं काम हाती घेताना मी आधी गाडी चालवतो आणि मगच जॅक लावतो. थरथर ब्रेक नसतानाही येते का, हा पहिला प्रश्न. बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तर ठराविक वेगाला स्टिअरिंग ब्रेकशिवायही हलतं. इथे ८० च्या वेगात, हात सैल सोडूनही, स्टिअरिंग शांत होतं. ब्रेक पॅडलवर हलका पाय ठेवला आणि थरथर सुरू. म्हणजे बॅलन्सिंगचा संबंध नाही.

दुसरा प्रश्न पुढचं की मागचं. मोकळा रस्ता बघून, बटण दाबून धरत हँडब्रेक हळूहळू ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतो. गाडी सरळ आणि गुळगुळीत हळू झाली. दोष मागच्या ड्रममध्ये असता तर कंप सीटखाली आला असता. इथे तो फक्त हातात येत होता, म्हणजे पुढच्या चाकांत.

मग सपाट रस्त्यावर, जेमतेम ब्रेक वापरत, थोडं अंतर चालवून आणलं आणि उतरल्या उतरल्या इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. उजवी डिस्क ५२ अंश, डावी ११८. ब्रेक फारसा वापरलेलाच नसताना एक बाजू दुपटीहून गरम आहे, याचा अर्थ त्या बाजूचे पॅड सुटतच नाहीत. डावं चाक सतत घासतंय, म्हणून गाडी चालताना डावीकडे ओढते आणि म्हणूनच वास येतो. हे थर्मामीटर आता फार महाग राहिलेलं नाही. ते नसेल तर चाकाजवळ हात नेऊनही फरक कळतो, पण डिस्कला हात लावू नका, घाटातून आलेली डिस्क २०० अंशांच्या वर सहज जाते.

राहिला सरांचा प्रश्न, ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडे का जाते. त्याचं उत्तर कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, उघडल्यावरच मिळालं.

चाक काढल्यावर

गाडी स्टँडवर घेतली. उजवं चाक हाताने ढकललं की दोन फेरे मारत होतं, डावं पाव फेराही फिरेना. इथे बरेच जण लगेच कॅलिपर खोलतात. मी आधी ब्लीडर निपल (कॅलिपरमधलं ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) जरा सैल करतो. ऑइलचे चार थेंब येऊन चाक मोकळं झालं, तर दाब पाइपात अडकून राहिलाय असं समजायचं: रबरी होज आतून फुगलाय किंवा मास्टर सिलेंडर (पॅडलचा दाब ऑइलला देणारा पंप) दाब परत घेत नाही. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर अडकलेली वस्तू कॅलिपरमध्येच आहे. सरांच्या गाडीचं चाक निपल उघडूनही जाम राहिलं. या एका पायरीमुळे होज आणि मास्टर सिलेंडर दोन्ही यादीतून गेले.

आता पॅड. या गाडीचा कॅलिपर तरंगता आहे, म्हणजे पिस्टन एकच आणि तोही आतल्या बाजूला. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून आत येतो आणि बाहेरचा पॅड दाबला जातो. पिना मोकळ्या सरकल्या तर दोन्ही पॅड जवळजवळ सारखे झिजतात. नव्या पॅडचं मटेरिअल ११ मिलिमीटर होतं. उजवीकडे आतला ७ आणि बाहेरचा साडेसात निघाला, अगदी ठीक. डावीकडे बाहेरचा साडेसात, पण आतला तिरका झिजलेला: एका टोकाला ४ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड. बहुतेक गाड्यांना ३ च्या आसपास पॅड बदलायचा असतो.

चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. तो साडेसात होता, म्हणून "साठ-सत्तर टक्के" हे उत्तर मिळालं होतं आणि त्या पॅडपुरतं ते बरोबरही होतं. आतला पॅड बघायला चाक काढावं लागतं, कॅलिपरच्या मधल्या खिडकीतून टॉर्च मारावा लागतो. आतला पॅड बघितल्याशिवाय पॅडची टक्केवारी कुणी सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅड संपत आला की किंचाळणारी पत्री का वाजली नाही? ती पॅडच्या एका टोकाला असते. या पॅडचं तेच टोक ४ मिलिमीटर शिल्लक होतं. पॅड तिरका झिजला की पत्री डिस्कपर्यंत पोचत नाही आणि दुसरं टोक गुपचूप लोखंडापर्यंत जातं. आवाज येत नाही म्हणजे पॅड चांगले, असं म्हणूनच धरता येत नाही. ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी मात्र बोलत होती: पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल खाली उतरतं. सरांनी मध्ये कुठेतरी त्यात टॉप-अप करून घेतला होता, त्यामुळे तो इशाराही झाकला गेला. पातळी उतरली तर भरण्याआधी पॅड बघायला सांगा.

मूळ कुठे होतं

कॅलिपर हाताने सरकवून बघितला तर हलेना. खालची पिन सहज निघाली. वरची ब्रॅकेटमध्ये घट्ट बसलेली. गंज सोडवणारं तेल मारून, पिन डावी-उजवीकडे फिरवत फिरवत बरीच मेहनत घेतल्यावर ती बाहेर आली.

या कॅलिपरच्या दोन पिना सारख्या नसतात. एक सरळ लोखंडी असते. दुसरीच्या टोकाला खडखड होऊ नये म्हणून छोटा रबरी बुश असतो. बाहेर निघालेली पिन ही बुशवाली होती आणि बुश फुगून मऊ, चिकट झाला होता. बोटावर घेतलं तर बेअरिंगला लावतात ती नेहमीची ग्रीस. ब्रेकमधली रबरं ब्रेक ऑइलला टिकतील अशा जातीची असतात, पण पेट्रोलियमपासून बनलेल्या तेला-ग्रीसने ती फुगतात. आधी पॅड बदलताना कुणीतरी चांगल्या हेतूनेच पिनेला भरपूर ग्रीस लावली असणार. रबर फुगलं, बूटची, म्हणजे पिनेवरच्या रबरी टोपणाची, कडही सैल झाली, तिथून पाणी शिरलं आणि पिनेवर गंज धरला. महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. एकट्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो.

सरांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. वरची पिन जाम, म्हणून कॅलिपर तिरका ओढला जातो आणि आतला पॅड तिरका झिजतो. पाय काढल्यावरही कॅलिपर मागे सरत नाही, पॅड घासत राहतो, गाडी डावीकडे ओढते. पण ब्रेक मारल्यावर बाहेरच्या पॅडवर पूर्ण दाब येतच नाही. डावा ब्रेक उजव्यापेक्षा कमी धरतो आणि गाडी उजवीकडे जाते. अलाइनमेंटच्या दोषात गाडी अशी दोन दिशांना जात नाही. असं लक्षण कुणी सांगितलं तर थेट कॅलिपरच्या पिना बघाव्यात.

पिस्टन मात्र चांगला होता. निपल उघडून, त्यातून जुनं ऑइल बाहेर काढत पिस्टन आत ढकलला. गाळाचं ऑइल मागे एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये जायला नको म्हणून असं करायचं. पिस्टन सहज गेला, त्याचं रबर शाबूत होतं.

डिस्क मोजली

जाम पिनेमुळे पॅड का संपला ते कळलं. पण स्टिअरिंग का थरथरतं? नुसत्या जाम पिनेने डाव्या डिस्कवर उष्णता वाढेल, झीज वाढेल, पण फेसिंगनंतर दोनच महिन्यांत लयबद्ध थरथर यायला आणखी काहीतरी लागतं. म्हणून डिस्क काढायच्या आधी मोजली.

चाकाचे नट वॉशर घालून परत आवळले, म्हणजे डिस्क हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरणाऱ्या भागावर) चाक लावल्यासारखीच दाबून बसते. बाहेरच्या कडेपासून १० मिलिमीटर आत डायल गेज (बारीक डोल काट्यावर दाखवणारं मापक) टेकवला आणि डिस्क सावकाश एक फेरा फिरवली. काटा ०.११ मिलिमीटर डोलला. बहुतेक छोट्या गाड्यांना कंपनी ०.०५ ते ०.१० च्या आतली मर्यादा देते.

नंतर जाडी. डिस्कच्या कडेला न झिजलेल्या भागाची उंच कड तयार होते आणि व्हर्निअरचे जबडे तिच्यावर टेकतात, त्यामुळे जाडी असते त्यापेक्षा जास्त दिसते. मायक्रोमीटर आत नेऊन, घासणाऱ्या पट्ट्याच्या मधोमध, गोलाकार आठ ठिकाणी मोजायचं. ही डिस्क नवीन असताना २२ मिलिमीटर असते आणि कमीत कमी २० हा आकडा डिस्कच्या टोपीवरच, म्हणजे मधल्या उंच भागावर, कोरलेला असतो. गंज घासला की वाचता येतो. डावी डिस्क सर्वांत पातळ जागी २०.१४, सर्वांत जाड जागी २०.१८ भरली. उजवी सगळीकडे २०.६१-२०.६२.

चार शतांश मिलिमीटरचा फरक ऐकून सर म्हणाले, "एवढ्याने काय होतंय?" फार होतं. दोन शतांशांच्या आसपासच बऱ्याच गाड्यांत थरथर जाणवायला लागते. ताशी ८० ला हे चाक सेकंदाला साधारण १२ वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात जाड जागा पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ जागी पुढे येतो. ब्रेकचा दाब सेकंदाला १२ वेळा कमी-जास्त होतो आणि तो स्टिअरिंगपर्यंत पोचतो. ज्याला सगळे "डिस्क वाकली" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं, जाडीतला फरक. डिस्क उष्णतेने पापडासारखी वाकलेली क्वचितच सापडते.

आणि हा फरक आला कुठून, ते डिस्क काढल्यावर हबवर दिसलं. चाकाचे नट बसतात त्या स्टडभोवती गंजाचे पापुद्रे होते आणि एका बाजूला जास्त. लेथवर डिस्क अगदी सरळ केली असेल, पण ती सरळ झाली लेथच्या हिशेबाने. गाडीवर आणून गंजलेल्या हबवर बसवली की एका बाजूला उचलली जाते. सुरुवातीला काही जाणवत नाही, कारण डिस्क डोलली तरी जाडी सारखीच असते. पण गाडी ब्रेकशिवाय चालत असतानाही दर फेऱ्याला डोलणारी तीच जागा पॅडला चाटून जाते. हजारो किलोमीटर असं घासत राहिलं की तेवढी जागा पातळ होते. त्यात सरांच्या गाडीचा पॅड मागे सरतच नव्हता, म्हणून हे काम दोन महिन्यांत झालं. फेसिंगनंतर ठरावीक काळाने परत येणाऱ्या थरथरीमागे हबचा गंज मी फार वेळा बघितला आहे. लेथवाल्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

काय बदललं, काय ठेवलं

डावी डिस्क परत लेथवर नेण्यात अर्थ नव्हता. साफ करायला लागणारा थर काढला की ती २० च्या खाली गेली असती. उजवी मोजमापात बसत होती. तरीही मी दोन्ही नव्या टाका असं सुचवलं. एका बाजूला २२ आणि दुसऱ्या बाजूला २०.६ अशा डिस्क असल्या की दोन्ही बाजू सारख्या तापत नाहीत, आणि ही गाडी रोज घाट उतरते. गावात फिरणारी गाडी असती तर इतका आग्रह धरला नसता.

घाटाचा हिशेब सरांना कागदावर करून दाखवला. पाचगणीहून वाई पाचशे-साडेपाचशे मीटर खाली. माणसांसकट १,३०० किलोची गाडी एवढी खाली येते तेव्हा जवळपास ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत वीस लिटरांहून जास्त पाणी उकळीला येईल. काही भाग हवा आणि टायर घेतात. उरलेली ब्रेकने घ्यायची की इंजिनने, हे आपण कोणता गिअर टाकतो त्यावर ठरतं. सर चौथ्या गिअरमध्ये, पॅडलवर सतत पाय टेकवून उतरत होते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, वेग वाढला की एकदा नीट ब्रेक दाबून वेग पाडा आणि पाय पूर्ण उचला, असं सांगितलं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून भेटतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून पाय उचलला की इंधन तसंही बंद होतं. न्यूट्रलमध्ये काहीच वाचत नाही, फक्त इंजिनची पकड जाते.

दुरुस्तीतला सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे पिना आणि बूटचा संच, काही शे रुपयांचा. डावीकडे तो पूर्ण नवा टाकला, ब्रॅकेटची भोकं साफ केली, ब्रेकसाठीची सिलिकॉन ग्रीस पातळ लावली. उजवीकडच्या पिनांवरही तीच बेअरिंगची ग्रीस निघाली! तिकडचा बुश नुकता फुगू लागला होता, म्हणून तोही संच बदलला. पॅड बसतात तिथल्या क्लिपा नव्या आणि क्लिपांखालचा गंज घासून काढला.

हब वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत स्वच्छ केला. हबवर डायल गेज लावला तर डोल ०.०२, म्हणजे बेअरिंग आणि हब चांगले. नवीन डिस्कवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसला. बसवून मोजली: ०.०७. डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवली: ०.०३. हबचा आणि डिस्कचा डोल एकाच दिशेला आला तर बेरीज होते, विरुद्ध आला तर वजाबाकी. पाच मिनिटांचं काम आहे, पण डिस्क टाकताना फार थोडे जण करतात.

ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालं होतं. ऑइलमधला ओलावा तपासायचा पेन लावला तर लाल दिवा लागला. तो पेन अंदाजच देतो, पण रंग आणि वय बघता बदलायचंच होतं. या गाडीला डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल चालतं. ताजं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं; पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. रोजच्या घाटात हा फरक म्हणजे घट्ट पॅडल आणि तळाला जाणारं पॅडल यांतला फरक. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, ते काळं होण्याची वाट बघू नका.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळले. छोट्या गाड्यांना हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, आपल्या गाडीचा पुस्तकात बघावा. एअर गनने एक नट करकचून आणि दुसरा सैल असं झालं की स्वच्छ हबवरही डिस्क तिरकी बसते. पंक्चरच्या दुकानातही नट शेवटी हाताने आवळून घ्या. आणि पॅडची काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ती आपल्याच छातीत जाते. ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने काढावी.

शेवटी पॅड-डिस्क जमवून घेतले. ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, गाडी पूर्ण न थांबवता, असं सात-आठ वेळा, मध्ये थंड व्हायला वाव देत. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा तिथेच उमटतो, आणि जाडीचा फरक नव्याने सुरू होतो. घाट उतरल्यावर नाक्यावर पाय दाबून उभं राहण्यापेक्षा हँडब्रेक लावा, असंही सरांना सांगितलं.

त्याच सपाट रस्त्यावर परत चालवून मोजलं: उजवी ५५, डावी ५८. हात सोडला तरी गाडी सरळ, ब्रेक मारला तरी सरळ.

पावसाळा संपल्यावर गाडी सर्व्हिसला आली तेव्हा दोन्ही बाजूंचे कॅलिपर हाताने सरकवून बघितले, सहज सरकले. आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता आणि डाव्या डिस्कची जाडी आठही ठिकाणी एका शतांशाच्या आत होती. जॉब कार्डवर "दर पावसाळ्याआधी आणि नंतर पिना काढून साफ, सिलिकॉन ग्रीस" असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे सर पुढे कुठल्याही गॅरेजला गेले तरी समोरच्या मिस्त्रीला ते वाचता येईल.